प्रोसिडिंग कोणाच्या हाती?

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. ग्रामीण महाराष्ट्रात ग्रामसभेचं वेळापत्रक या चार तारखांभोवती बसलेलं आहे. झेंडावंदन होतं, पोरांना बिस्किटं वाटली जातात आणि मग ग्रामपंचायतीसमोर सतरंजी अंथरली जाते. कागदावर या सभेइतकं वजनदार दुसरं काही गावात नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 मध्ये तिला स्वतंत्र कलम आहे. सात दिवस आधी नोटीस लागली पाहिजे, दवंडी फिरली पाहिजे, सर्वसाधारण सभेआधी महिलांची वेगळी सभा झाली पाहिजे, मतदारांच्या 15 टक्के किंवा शंभर जणांची गणपूर्ती झाली पाहिजे.

प्रत्यक्षात दुपारपर्यंत पंधरावीस माणसं जमतात. कोरम भरत नाही, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. पुढचं काम मग सोपं. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम केलं, असं प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तवहीत, लिहिलं जातं, वाचलं जातंच असं नाही. सूचक आणि अनुमोदक म्हणून ठरलेली दोन नावं येतात. सगळ्यात महत्त्वाचे विषय बहुतेक वेळा 'आयत्या वेळचे विषय' या मथळ्याखाली उमटतात, म्हणजे ज्यांची नोटीस कोणी पाहिलेलीच नसते ते. सह्या आणि अंगठे घरोघर फिरून गोळा होतात. अशा सभेबद्दल पंचायत समितीतला अधिकारी म्हणतो, 'लोकांना इंटरेस्टच नाही.' गावातला माणूस म्हणतो, 'आम्हाला सांगितलंच नाही.' गेली कित्येक वर्षं हा वाद याच दोन वाक्यांवर अडकून आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या अनुभवाने या वादाला निराळं वळण दिलं. इथल्या काही गावांत लोक सभेला आले, वर्षानुवर्षं येत राहिले, आणि ते जनजागृतीच्या शिबिरांमुळे आले नाहीत. सभेत ठरलं तसं घडू लागलं, म्हणून आले. जिथे बांबू विकायचा की नाही, कोणाला विकायचा, मजुरी किती द्यायची आणि उरलेल्या पैशाचं काय करायचं हे सभेत ठरतं, तिथे हजेरीसाठी कोणाच्या पाया पडावं लागत नाही. आधी अधिकार आणि पैसा, मग हजेरी, मग हिशेबाची चौकशी, आणि शेवटी पारदर्शकता, असा हा क्रम आहे. सरकारी परिपत्रकं तो नेमका उलटा मांडतात. प्रस्तुत संग्रहातल्या लेखांची एकमेकांशी सगळीकडे सहमती नाही, पण हा क्रम बहुतेकांना मान्य दिसतो, आणि मलाही तो पटतो.

हे दोन जिल्हे एकत्र का घ्यायचे? 26 ऑगस्ट 1982 पर्यंत तो एकच जिल्हा होता, जुना चांदा. वैनगंगेच्या पूर्वेचा बराचसा भाग तोडून गडचिरोली झाला. जिल्ह्याच्या सुमारे 70 टक्के भूभागावर जंगल आहे, आणि भाषांची सरमिसळ अशी की 'स्थानिक भाषा' हा सरकारी शब्दप्रयोग तिथे अपुरा पडतो. भामरागड-एटापल्लीत माडिया, धानोरा-कुरखेड्यात गोंडी, कोरचीकडे छत्तीसगढी, सिरोंच्यात तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या निर्वासित वसाहतींत बंगाली. इतिवृत्त मात्र सगळीकडे मराठीत, तेही तालुक्याच्या कचेरीतल्या मराठीत. चंद्रपूरचं चित्र वेगळं आहे. तिथे कोळशाच्या खाणी, औष्णिक वीजकेंद्र, बल्लारपूरची पेपरमिल आणि ताडोबाचा व्याघ्रप्रकल्प आहे. अनुसूचित क्षेत्र मुख्यतः राजुरा-जिवतीकडे. एकाच जुन्या जिल्ह्याच्या या दोन तुकड्यांत कायद्याचं बळ वेगवेगळं पडतं, आणि त्यामुळेच तुलना करायला ही जागा चांगली आहे.

ग्रामसभा 1958 च्या कायद्याने जन्माला आली असं समजणाऱ्यांनी थोडं मागे जायला हवं. गोंड-माडिया गावांत बसून बोलण्याची रीत फार जुनी आहे. गोटुल ही तिची जागा, भूमिया आणि गायता हे तिचे मानकरी, आणि अनेक गावं मिळून होणारा इलाका ही तिची वरची पायरी. हद्दीचे तंटे, लग्नातले वाद, शिकारीचा वाटा, देवाचा सण हे सगळं तिथे निघायचं. इथे एक सावधगिरी हवी. आजकाल या परंपरेचे जे गोडवे गायले जातात, त्यांत बायका कुठे बसायच्या हा प्रश्न सहसा गाळला जातो. पंचांच्या वर्तुळात त्यांना जागा नव्हती. जुनी बैठक सर्वांसमोर भरत होती, पण ती सर्वांची नव्हती.

मालगुजारी आणि जमीनदारीच्या काळात जंगलावरचे गावाचे वापरहक्क निस्तार म्हणून नोंदले गेले. सरपण, बांबू, चराई, घराला लागणारं लाकूड. जमीनदारी गेली, जंगल सरकारकडे आलं, आणि निस्तारपत्रकं कपाटात राहिली. चांदा तेव्हा मध्य प्रांतात होता. तिथे 1948 च्या कायद्याने जनपद सभांचा प्रयोग झाला होता. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात, आणि 1 मे 1962 पासून वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीवर उभी राहिलेली जिल्हा परिषदांची व्यवस्था लागू झाली. ही व्यवस्था सहकार आणि ऊस असलेल्या सलग, मोठ्या गावांना मानवली. जंगलातल्या विखुरलेल्या टोल्यांवर ती बेतलेली नव्हती. चार-सहा टोले मिळून एक गटग्रामपंचायत, ऑफिस मोठ्या गावात, ग्रामसभा तिथेच. आठ किलोमीटर पायी जाऊन दुसऱ्याच्या गावातल्या नळाची चर्चा ऐकायला कोण जाणार? लोकसहभागाचा निम्मा प्रश्न हा अंतराचा प्रश्न होता, आणि तो सुटायला कायद्याला पुढची तीस-पस्तीस वर्षं लागली.

मधल्या काळात जे झालं ते कायद्याबाहेर झालं. 1980 च्या दशकाच्या मध्यावर इंद्रावती आणि गोदावरीवरच्या भोपालपट्टनम आणि इंचमपल्ली धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे आणि लाल श्यामशहा महाराज यांनी त्याचं पुढारपण केलं. धरणं थांबली. पण या आंदोलनातून तयार झालेल्या कार्यकर्त्यांपुढे प्रश्न उरला की मोर्चा संपल्यावर गावात काय उरतं. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलं.

मेंढ्याची गोष्ट मराठी वाचकांना अनोळखी नाही. मिलिंद बोकील यांचं 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तक 2012 मध्ये आलं आणि गावातले देवाजी तोफा व त्यांचे सहकारी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ही नावं गडचिरोलीबाहेरही पोचली. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा आता भाषणांत इतकी वापरली जाते की तिच्यामागची कार्यपद्धती झाकली गेली आहे. खरं शिकण्यासारखं आहे ते त्या कार्यपद्धतीत. मेंढ्याने दोन बैठका वेगळ्या केल्या. अभ्यासगटात कोणीही यावं, बाहेरचा प्राध्यापक, वनखात्याचा माणूस, वकील. तिथे माहिती घ्यायची, वाद घालायचा, काही ठरवायचं नाही. ठरवायचं ते ग्रामसभेत, आणि तिथे फक्त गावकरी. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर. घरटी किमान एक बाई आणि एक पुरुष आलाच पाहिजे. मेंढा हा लेखा ग्रामपंचायतीतला एक टोला. त्याची ही सभा कायद्याच्या लेखी बरीच वर्षं अस्तित्वातच नव्हती, तरी ती भरत राहिली.

सर्वसहमतीचा एक परिणाम सहसा बोलला जात नाही: ती फार हळू चालते. एखाद्या विषयावर महिनोन्‌महिने काही ठरत नाही. मार्चअखेर निधी खर्च करण्याच्या घाईत असलेल्या यंत्रणेला हे सोसवत नाही. पण त्या संथपणामुळे एक गोष्ट आपोआप साधते. काय चाललं आहे ते प्रत्येक घराला कळलेलं असतं, कारण ते कळल्याशिवाय होकार येत नाही. नोटीसबोर्ड लावून जे साधत नाही ते नकाराधिकाराने साधतं.

त्यानंतर कायदे एकामागून एक आले. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली आणि ग्रामसभा हा शब्द घटनेत आला. दिलीपसिंह भुरिया समितीच्या अहवालानंतर 24 डिसेंबर 1996 रोजी अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा पेसा कायदा झाला. त्यात गाव म्हणजे महसुली गाव नव्हे, तर आपला कारभार रूढीनुसार चालवणारी वस्ती, पाडा, टोला. अंतराचा प्रश्न कागदावर तिथे सुटला. महाराष्ट्राचे पेसा नियम यायला मात्र मार्च 2014 उजाडला. सतरा वर्षं नियमच नसलेल्या कायद्यावर इथले कार्यकर्ते अर्ज लिहीत राहिले. दरम्यान महाराष्ट्राचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा आला, पाठोपाठ ऑक्टोबर 2005 मध्ये केंद्राचा आला, आणि 2006 चा वनहक्क कायदा 1 जानेवारी 2008 च्या नियमांसह प्रत्यक्षात उतरला. वनहक्काच्या नियमांत 2012 मध्ये दुरुस्ती होऊन गणपूर्ती ठरली ती अशी: निम्मे प्रौढ हजर, आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश महिला. ग्रामपंचायतीच्या 15 टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. एकाच गावात, एकाच झाडाखाली, दोन कायद्यांच्या दोन सभा भरतात आणि त्यांची अपेक्षा इतकी वेगळी असते.

मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क 2009 मध्ये मिळाला. मर्दा या गावालाही त्याच वेळी. हक्क मिळाला, पण बांबू तोडून बाहेर नेण्याचा परवाना वनखातं देईना. खात्याच्या लेखी बांबू झाड होता, गौण वनोपज नव्हता. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. टीपी बुक म्हणतात ते. दिसायला साधं पावतीपुस्तक, पण जंगलाच्या कारभारातली खरी सत्ता त्याच्यात असते. ज्याच्याकडे टीपी त्याच्याकडे ट्रक, ज्याच्याकडे ट्रक त्याच्याकडे भाव.

त्या दिवसानंतर ग्रामसभांना हिशेब ठेवावा लागला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत कमी लिहिला गेलेला भाग हाच आहे. निविदा काढायची, ती सर्वांसमोर फोडायची, ठेकेदाराकडून अनामत घ्यायची, मजुरी खात्यात टाकायची, पॅनकार्ड काढायचं, सनदी लेखापाल गाठायचा. तेंदूच्या हंगामात तर हे सगळं दोन-तीन आठवड्यांत. 70 पानांचा एक पुडा, फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, रोज संध्याकाळी मोजणी, वहीत नाव. पूर्वी ही वही ठेकेदाराच्या मुन्शीकडे असायची. आता ती गावातल्या बारावी झालेल्या पोराकडे किंवा पोरीकडे आली, आणि संध्याकाळी मोजणी चुकली तर सकाळी त्याच्या दारात माणसं उभी. सामाजिक अंकेक्षण या भारदस्त नावाने रोजगार हमीत जे सक्तीचं करूनही रुजलं नाही, ते इथे भांडणातून रुजलं. सगळीकडे नीट झालं असं नाही. ठेकेदारांनी पैसे थकवलेली गावं आहेत, दोन-चार जणांनीच परस्पर करार केलेली गावं आहेत, आणि करारनामा न वाचता सही केल्यामुळे बुडालेली गावंही आहेत. या संग्रहात ती लपवलेली नाहीत.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने 2012 मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलावर हक्क मिळवला. मेंढ्याइतकी जुनी संघटनेची पुंजी तिथे नव्हती. तरी सभेने बांबूवर रोजगार उभा केला, आणि तेंदू तोडायचा नाही असं ठरवलं, कारण पानांसाठी आगी लावल्या जातात आणि फांद्या छाटल्या जातात. हातात येणारा पैसा नाकारण्याचा ठराव करणारी सभा मी तरी दुसरी फारशी ऐकलेली नाही. बोकिलांनी 'कहाणी पाचगावची' याच गावावर लिहिली. कोरची तालुक्यात गावोगावच्या ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभारली. एकट्या गावाला ठेकेदारापुढे भाव मागता येत नाही, तो तालुक्याला मागता येतो, हे त्यामागचं साधं गणित. या महाग्रामसभेत महिलांचे प्रतिनिधी असावेत असा आग्रह धरला गेला, तो इलाक्याच्या जुन्या बैठकीवरचा मोठा बदल होता. आज गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. देशात इतकं दाट प्रमाण फार थोड्या जिल्ह्यांत सापडेल.

या क्षेत्रात नव्याने शिरणाऱ्या वाचकाला इथे वेगवेगळ्या विचारांची माणसं भेटतील आणि ती एकाच शब्दाने वेगळं काही सुचवत असतील, म्हणून थोडी ओळख करून देतो. एक धारा विनोबांच्या ग्रामदानाची आहे. त्यांचं पवनार इथून फार लांब नाही. सर्वसहमती, गावाची सामाईक मालकी, पक्षांपासून अंतर ही तिची लक्षणं. मेंढ्याने 2013 मध्ये 1964 च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली आपल्या सगळ्या शेतजमिनी ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला, तो याच धारेतला. तिच्याच शेजारी तुकडोजी महाराजांची परंपरा आहे. चिमूर 1942 च्या उठावाचं गाव, आणि 'ग्रामगीता' इथल्या घराघरांत. सामुदायिक प्रार्थनेला रोज एकत्र बसणाऱ्या गावाला सभेला बसणं परकं वाटत नाही.

दुसरी धारा ब्रह्मदेव शर्मांकडून, बस्तरकडून आलेली. 'मावा नाटे मावा राज', आमच्या गावात आमचं राज्य. इथे ग्रामसभा हे आंदोलनाचं हत्यार आहे आणि ठराव हा सरकारला दिलेला नकार. पहिल्या धारेला संवादाची घाई नसते, दुसरीला संघर्षाची भीती नसते. तिसरी धारा माहिती अधिकाराची. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून जनसुनवाईत मस्टर रोल जाहीर वाचायला सुरुवात केली. मेलेल्या माणसांच्या नावावर निघालेली मजुरी चव्हाट्यावर आली. महाराष्ट्रात अण्णा हजारेंच्या उपोषणांनी हा प्रश्न घरोघर नेला. या धारेचा भर कागद मिळण्यावर आहे. निर्णय कोण घेतं यावर तिचं लक्ष थोडं कमी असतं.

आदर्श गावांची एक वेगळी परंपरा पश्चिम महाराष्ट्रात आहे, राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारची. तिचं काम मोठं आहे. पण त्या गावांचं नाव घेतलं की आधी नेत्याचं नाव येतं. गडचिरोलीच्या गावांनी नेमकं हेच टाळायचा प्रयत्न केला. मेंढ्याला तो पूर्ण साधला असं म्हणणं धाडसाचं होईल, कारण तिथेही दोन नावं आधी आठवतात.

आणि एक आवाज असा आहे जो या सगळ्यांना अस्वस्थ करतो. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याबद्दल जे कठोर मत दिलं, ते ग्रामस्वराज्याची भाषा करणाऱ्या कोणालाही टाळता येणार नाही. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, त्यांनी दीक्षेचा दुसरा सोहळा केला तो चंद्रपुरात. या जिल्ह्यातल्या मिश्र वस्तीच्या गावांत ग्रामसभेत कोण खुर्चीवर, कोण सतरंजीवर आणि कोण भिंतीला टेकून उभा, हे आजही पाहण्यासारखं असतं. सर्वसहमती एकजिनसी गोंड गावात जमते. जिथे जमीन एका जातीकडे आणि मजुरी दुसरीकडे आहे, तिथे सर्वांचा होकार म्हणजे अनेकदा काहींचं गप्प बसणं असतं. गुप्त मतदानाची तिथे गरज आहे, आणि संग्रहातला एक लेख ती स्पष्ट मांडतो. मला तो पटतो.

बायकांनी ही सभा कशी बदलली हे दारूबंदीने दाखवलं. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 1 एप्रिल 2015 ला लागू झाली, त्याआधी शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले होते आणि बायका चिमूरहून नागपूरला पायी गेल्या होत्या. 2021 मध्ये ती मंत्रिमंडळाच्या बैठकीत उठली. बंदी योग्य की अयोग्य हा या पुस्तकाचा विषय नाही. विषय एवढाच की हजारो बायकांनी सभेत बसून घेतलेल्या ठरावाला सरकारदरबारी किती किंमत असते. बंदी लावतानाही अखेरचा शब्द मुंबईचाच होता, हेही नोंदवून ठेवलं पाहिजे.

सभेच्या नावाखाली आणखी एक प्रकार या दोन जिल्ह्यांत सतत घडतो: पर्यावरणीय जनसुनावणी. 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ती प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ व्हावी लागते, आणि तिचं इतिवृत्त शेवटी स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवावं लागतं. गणपूर्तीची मात्र अट नाही. एकही बाधित माणूस आला नाही तरी सुनावणी 'झाली'. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखाणीची क्षमता वर्षाला 30 लाख टनांवरून 1 कोटी टनांवर नेण्यासाठीची सुनावणी ऑक्टोबर 2022 मध्ये झाली ती गडचिरोली शहरात, डोंगरापासून शंभर किलोमीटरहून अधिक लांब. सुरक्षेचं कारण पुढे होतं. ठाकूरदेवाच्या डोंगराखालच्या माडिया माणसाने तिथवर कसं पोचायचं आणि मराठीतल्या जाडजूड अहवालावर काय बोलायचं, याचा विचार त्या जागेच्या निवडीत दिसत नाही. याउलट उदाहरण ओडिशातलं. 18 एप्रिल 2013 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नियमगिरीच्या डोंगरावरील खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला. जिल्हा न्यायाधीशाच्या देखरेखीखाली बारा गावांत सभा झाल्या आणि बाराही सभांनी खाणीला नकार दिला. शेजारच्या छत्तीसगडात हसदेवच्या जंगलातल्या गावकऱ्यांनी कोळसाखाणीला संमती देणारे आपल्या ग्रामसभांचे ठराव बनावट असल्याची तक्रार घेऊन ऑक्टोबर 2021 मध्ये रायपूरपर्यंत पदयात्रा काढली. ठरावाला किंमत आली की खोटे ठरावही तयार होतात. प्रोसिडिंगचं पुस्तक कोणाच्या कपाटात असतं हा प्रश्न म्हणूनच फार मोठा आहे.

हे सगळं आत्ता का? गडचिरोलीत चार दशकं सभेवर दोन बंदुकांची सावली होती. बोलणाऱ्यावर एका बाजूने खबऱ्या म्हणून संशय, दुसऱ्या बाजूने नक्षलसमर्थक म्हणून. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला आणि त्या पर्वाचा शेवट जवळ आल्याचं मानलं जाऊ लागलं. पोलाद कारखाने, रस्ते, नव्या खाणी यांच्या घोषणा त्याच वेळी होत आहेत. पुढच्या दहा वर्षांत या जंगलाचं काय होणार हे ठरेल, आणि त्यातलं बरंचसं ग्रामसभेच्या ठरावांवर, निदान त्यांच्या नक्कलप्रतींवर, अवलंबून असेल. पेसा गावांना 2015 पासून आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के अबंध निधी थेट मिळतो. पैसा गावात आला आहे, हिशेबाची सवय सगळीकडे आलेली नाही.

त्यातच ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने 'सभासार' नावाची यंत्रणा आणली. सभेचं ध्वनिमुद्रण दिलं की कृत्रिम बुद्धिमत्तेने इतिवृत्त तयार. ग्रामसेवकाचा (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) भार हलका होईल आणि मनातलं लिहिण्याची सोयही कमी होईल, हे खरं. पण गोंडी आणि माडिया आठव्या अनुसूचीत नाहीत. यंत्राला मराठी बोलणारा सरपंच ऐकू येईल आणि माडियात आक्षेप घेणारी म्हातारी ऐकू येणार नाही, अशी सभा डोळ्यांपुढे आणणं अवघड नाही. तंत्रज्ञानाला विरोध करण्याचं कारण नाही. तयार झालेलं इतिवृत्त सभा उठण्याआधी गावाच्या भाषेत वाचून दाखवलं जावं, एवढी अट घातली तर बरंच साधेल.

या पुस्तकात कार्यकर्ते आहेत, सरपंच बाया आहेत, संशोधक आहेत, आणि मुद्दाम आग्रहाने घेतलेले ग्रामसेवकही आहेत. सगळ्या कथांत खलनायक म्हणून उभा केला जाणारा हा माणूस दोन-तीन ग्रामपंचायती सांभाळत असतो, वरून रोज नवं पोर्टल भरायला सांगितलं जातं आणि खालून रोज नवी तक्रार येते. त्याची बाजू ऐकल्याशिवाय सभेचा प्रश्न कळत नाही. यशस्वी गावांची यात्रा घडवणं हा हेतू नव्हता. जिथे सभा एकदा जिवंत झाली आणि मग मोडली, अशा गावांवरचे लेख मला सर्वांत मोलाचे वाटले. पोर्तो अलेग्रेचा सहभागी अर्थसंकल्प किंवा केरळचं 1996 चं लोकनियोजन यांची तुलना जागोजागी येते, पण ती ओझं होणार नाही इतपत. पाठ्यपुस्तक हवं असणाऱ्याला हा संग्रह विस्कळीत वाटेल, कारण हा विषयच तसा आहे. लेख कोणत्याही क्रमाने वाचले तरी चालतील. फक्त हिशेबाच्या वह्यांवरचा भाग वगळू नये अशी विनंती. तो रुक्ष वाटतो, पण मूळ मुद्दा तिथे आहे.

एक मोठी उणीव राहून गेली आहे आणि ती सांगितली पाहिजे. या संग्रहात शहरं नाहीत. चंद्रपूर महानगरपालिका 2011 मध्ये झाली, गडचिरोली, बल्लारपूर, वरोरा, राजुऱ्याला नगरपरिषदा आहेत, आणि तालुक्यांची कित्येक गावं आता नगरपंचायती झाली. नगरपंचायत झाली की त्या गावाची ग्रामसभा संपते. काल सभेत हात वर करणाऱ्या बाईला आज पाच वर्षांतून एकदा मत देण्यापलीकडे जागा नाही. त्यात 2022 मध्ये मुदती संपल्यावर निवडणुका लांबल्या आणि महानगरपालिकेपासून जिल्हा परिषदेपर्यंत बराच काळ प्रशासकांनी कारभार पाहिला, म्हणजे ज्या सभेला जावं ती सभाच नव्हती. कोरची किंवा एटापल्लीच्या एखाद्या प्रभागात आज निर्णय कसे होतात, यावर मराठीत लिहिलेलं जवळजवळ काही नाही. या दोन जिल्ह्यांतल्या पत्रकारांनी, वकिलांनी, गोंडवाना विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ते काम हाती घ्यावं. सुरुवात म्हणून आपल्या नगरपंचायतीच्या गेल्या वर्षभरातल्या सभांच्या इतिवृत्ताची प्रत मागावी. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.